चित्रफीत थांबवा, प्रश्न विचारा

वर्गात पडदा आला म्हणजे शिक्षण आपोआप सर्जनशील होते, हा समज आम्हांस योग्य वाटत नाही. मूल नुसतेच पाहत बसले, तर ती घोकंपट्टीचीच नवी तऱ्हा ठरेल.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. तो मोबाईलने टिपला की धड्याशी निगडित ध्वनिफीत वा चित्रफीत समोर येते. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

अशी साधने वापरावीत कशी? बी रुजण्याची चित्रफीत घ्या. मोड फुटण्यापूर्वीच ती थांबवा. आधी मूळ येईल की कोंब, असे विचारा. प्रत्येकाने आपले उत्तर चित्र काढून दाखवावे, मगच पुढे पाहावे. वाटीत मूग भिजवून त्याची खातरजमाही करावी. संगणकावरील सादरीकरणातही असेच प्रश्न पेरता येतात.

एक मोबाईल पाच मुलांना पुरतो. ज्याच्या घरी तो नाही, त्या मुलाला वस्तीच्या अभ्यासिकेत जागा हवी. नाहीतर नवे साधन जुनीच दरी वाढवील.