कोल्हापुरी मायेचं मानसशास्त्र

तांबडा रस्सा ओरपताना नाकाडोळ्यांतून पाणी येतं, कानशिलं तापतात आणि हात पुन्हा वाटीकडंच जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जागं करतं, तोच एरवी ४३ अंशांपुढची उष्णता मेंदूला कळवतो. म्हणजे भाजल्याचा निरोप जातो, पण भाजत काहीच नाही! हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. धोका नाही हे मनाला ठाऊक असलं, की अशा वेदनेचीही गोडी लागते, असं मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन सांगतात. तेव्हा पाहुण्याला बिनधास्त दुसरी वाटी वाढा.

बोलणंही तसंच झणझणीत. “काय मर्दा, कुठं उलथला होतास?” ही इथली जिवलगाची विचारपूस. ज्यात टर उडवायची मुभा असते आणि रागवायची नसते, अशा थट्टेच्या नात्यांवर मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली लेख लिहिला. कोल्हापुरात कुणी अचानक फारच अदबीनं बोलू लागला, तर काहीतरी बिनसलंय असं समजावं.

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या गाजलेल्या सहा मूलभूत भावनांत प्रेम नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायीभावांत मात्र रती पहिली, आणि उत्साहालाही मानाची जागा. कोल्हापूरला भरतमुनींचीच यादी शोभते.

तो उत्साह पाहायचा तर खासबागेच्या कुस्ती मैदानात. १९०२च्या युरोप दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि कुस्तीसाठी तसं गोल मैदान बांधायचं ठरवलं. ते १९१२ साली पुरं झालं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा धर्मजीवनावरचा ग्रंथ निघाला. माणसं एका जागी, एकाच गोष्टीवर नजर लावून जमली की भावना एकट्यादुकट्याची राहत नाही, ती साऱ्यांना उचलून नेते, असं त्यात मांडलंय. गोल मैदानात आखाड्याबरोबर समोरच्या प्रेक्षकांचे चेहरेही दिसतात. डाव पडला की आनंद चहूबाजूंनी अंगावर येतो, तो म्हणूनच.

हीच एकजूट शांतपणेही दिसते. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, ६ मे २०२२ रोजी, शहर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं.

आणि ८ ऑगस्ट २०२४ची ती रात्र. खासबागेला लागूनच असलेलं, १९१५ सालचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. कलावंत रडले, प्रेक्षकही रडले. बॉस्टनच्या वेस्ट एंड वस्तीतून उठवलेल्या लोकांचा अभ्यास करून मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी १९६३ साली दाखवून दिलं, की हरवलेल्या जागेचं दुःख जिवलग गेल्याच्या शोकासारखंच असतं. जिथं पहिलं नाटक पाहिलं, पहिली टाळी मिळाली, ती जागा आपलाच भाग होऊन बसते. त्यामुळं तिच्यासाठी रडणाऱ्याला “इमारतच तर होती” असं कुणी म्हणू नये.