लोंढा : पाण्याचा आणि माणसांचा

पावसाळा सुरू झाला की इगतपुरीच्या बातम्यांत पाण्यासाठी अनेक शब्द येतात. भावलीचा 'धबधबा', दारणा धरणातून होणारा 'विसर्ग', ओढ्याला आलेला 'लोंढा'. वरवर पाहता हे सारे वाहत्या पाण्याचेच शब्द. परंतु प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे आणि तो फरक जाणणे हिताचे आहे.

'धबधबा' हा ध्वन्यनुकारी शब्द. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजातून तो घडला. संस्कृत 'प्रपात'मध्ये 'पत्' म्हणजे पडणे हा धातू आहे. तेथे आवाजाला नव्हे, पतनाला महत्त्व. 'विसर्ग' म्हणजे सोडणे. हा शब्द सरकारी असून तो क्युसेकमध्ये मोजला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी.

'लोंढा' मात्र मोजमापात बसत नाही. एकाएकी, जोराने, वाटेत येईल ते लोटत नेणारा पाण्याचा मोठा प्रवाह म्हणजे लोंढा. 'लोट' आणि 'लोटणे' हे शब्द गडगडणे, लोळणे या अर्थाच्या संस्कृत 'लुठ्' धातूशी जोडले जातात. अर्थाच्या दृष्टीने 'लोंढा' त्यांच्याच जवळचा. धबधबा हे ठिकाण आहे, ते नकाशावर दाखवता येते. लोंढा ही घटना आहे. ती येते आणि ओसरते.

या शब्दाचा लाक्षणिक वापरही बोलका आहे. देणग्यांचा 'ओघ' असतो, वक्त्याची वाणी 'ओघवती' असते; पण शहरात येणाऱ्या परक्या माणसांचे वृत्तपत्रांत 'लोंढे' होतात. ओघ हवासा वाटतो, लोंढा नकोसा. माणसांना लोंढा म्हटले की त्यांची नावे आणि चेहरे पुसले जातात, उरते केवळ भीती. म्हणून हा शब्द माणसांसाठी जपूनच वापरावा.

पाण्याच्या बाबतीत मात्र ती भीती रास्त आहे. इगतपुरी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. येथील पाणी एकीकडे दारणेतून गोदावरीला मिळते, दुसरीकडे कसाऱ्याच्या दरीत उतरून भातसेकडे जाते. वर डोंगरात जोराची सर कोसळली, तर खाली पाऊस नसतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, आवाज वाढणे या लोंढ्याच्या पूर्वखुणा होत. त्या दिसताच काठ गाठावा. पात्राच्या मध्यावरील खडक हा आसरा नव्हे.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते धबधबा पाहण्यास गेले होते. आला तो लोंढा. पावसाळी सहलीला निघणाऱ्यांनी पहिल्या शब्दाबरोबर दुसराही लक्षात ठेवावा.