करदाते, पण मदतीच्या यादीबाहेर

अमेरिकेत राहण्याचा परवाना नसलेल्या माणसालाही प्राप्तिकर चुकत नाही. करपात्र कमाई असेल तर विवरणपत्र भरायचे. तिथला करकायदा व्हिसा विचारत नाही. अशांना सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे नोकरी आणि सरकारी पेन्शनसाठी लागणारा ओळख क्रमांक, मिळत नाही, म्हणून करखाते १९९६ पासून ९ ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक देते. त्याला ‘आयटिन’ म्हणतात. तो कर भरण्यापुरताच. त्याच्या जोरावर ना नोकरीचा हक्क मिळतो, ना पेन्शनचा.

अनेक जण खोटा किंवा दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर देऊन काम करतात. त्यांच्याही पगारातून पेन्शनसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के कापले जातात. नाव आणि नंबर जुळले नाहीत की त्या पगाराची नोंद निराळ्या खात्यात अडकून राहते; कापलेले पैसे मात्र निधीत जमा झालेले असतात. ‘इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी’ या संस्थेच्या अंदाजानुसार, कागदपत्रांविना राहणाऱ्यांनी २०२२ मध्ये सर्व मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने रोजगार बुडाले, तेव्हा संघराज्य सरकारने प्रौढांना १,२०० आणि मुलांमागे ५०० डॉलर जाहीर केले. अट सोशल सिक्युरिटी नंबरची. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यात एकाकडे जरी आयटिन असला, तरी दोघेही बाद आणि अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुलेही बाद; सवलत फक्त लष्करी कुटुंबांना. या जाळ्यात पूर्ण कायदेशीर माणसेही सापडली. एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा नवरा आणि जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर गेलेली, नोकरीची परवानगी नसलेली बायको अशी मराठी घरे तिथे थोडीथोडकी नाहीत, आणि अशा बायकोकडे सहसा आयटिनच असतो. डिसेंबर २०२० च्या कायद्याने नंबर असलेल्या जोडीदाराला मागील तारखेपासून पात्र ठरवले. मार्च २०२१ च्या १,४०० डॉलरच्या हप्त्यात आयटिनधारकांच्या नंबर असलेल्या मुलांनाही धरले.

काही राज्यांनी आपल्या तिजोरीतून वाट काढली. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कागदपत्रांविना राहणाऱ्या काही प्रौढांना ५०० डॉलर दिले. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये २.१ अब्ज डॉलरचा निधी उभारला. एकेकाला कमाल १५,६०० डॉलर. हा निधी काही महिन्यांतच संपला.

विरोधकांचे म्हणणे असे, की कायदा मोडून राहणाऱ्याला सरकारी पैसा देणे म्हणजे त्याला बक्षीस देणे. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने बहुतेक संघराज्य लाभ त्यांना बंदच केले आहेत. समर्थक विचारतात, कर घेता तर मदत का नाही? हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण तितका भक्कम नाही. ही रक्कम भरलेल्या कराची परतफेड नव्हती. एक डॉलरही प्राप्तिकर न भरलेल्यांना ती पूर्ण मिळाली. समर्थकांची खरी भक्कम बाजू वेगळी आहे. काम गेलेल्याचे घरभाडे आणि किराणा निघावा, हा मदतीचा हेतू होता, आणि शेतमळे व मांसप्रक्रिया कारखान्यांतल्या ज्या कामांना सरकारनेच ‘अत्यावश्यक’ ठरवले होते, त्यांत हेच मजूर मोठ्या संख्येने होते. शिवाय बक्षिसाचा आक्षेप नागरिक असलेल्या मुलांना लागूच पडत नाही.

वाद कोरोनाबरोबर संपला नाही. मुलांमागे मिळणाऱ्या करसवलतीसाठी मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच. २०२५ च्या कायद्याने आई-वडिलांपैकी किमान एकाकडेही तो असण्याची अट घातली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये करखात्याने स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या यंत्रणेशी माहिती देण्याचा करार केला. विवरणपत्रावर खरा पत्ता लिहावा की नाही, हा हिशेब आता आयटिनधारकांच्या घरात आधी मांडला जातो.