विश्लेषण : आपत्तीत घरातच थांबायचे की बाहेर पडायचे? माणमध्ये उत्तर मजल्यागणिक वेगळे

हिंजवडी आयटी पार्कला खेटून असलेल्या माणमध्ये एका बाजूला उंच टॉवर, दुसऱ्या बाजूला गावठाण आणि अधूनमधून बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. संकटात घर सोडायचे की नाही, याचे एकच उत्तर या तिघांना लागू पडत नाही.

पाणी शिरले तर?

जून २०२५ मध्ये पावसाने आयटी पार्कमधील रस्ते पाण्याखाली गेले होते. वरच्या मजल्यावरील कुटुंबाने अशा वेळी गाडी काढण्यात अर्थ नसतो. वाहते पाणी सहा इंच असले तरी माणसाचा तोल जातो, फूटभर पाण्यात छोटी मोटार वाहून जाऊ शकते. शिवाय जिथे एरवी संध्याकाळीही गाडी हलत नाही, तो रस्ता पावसात सुटकेचा मार्ग कसा ठरणार? मात्र वीज गेली की लिफ्ट आणि पाण्याचा पंप दोन्ही बंद पडतात. म्हणून पिण्याचे पाणी, औषधे आणि चार्ज केलेली पॉवर बँक आधीच हवी. थोडी रोख रक्कमही. नेटवर्क गेले की यूपीआय कामाचे नाही.

तळमजला आणि पत्र्याच्या खोलीचा हिशेब उलटा आहे. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी, शक्यतो उजेडात, मेन स्विच बंद करून निघायचे. सामान वाचवण्यासाठी मागे फिरणे सर्वांत महागात पडते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी बुडाली. त्याच पहाटे डेक्कन परिसरातील पुलाची वाडी येथे पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तीन तरुणांचा मृत्यू झाला.

वायुगळती झाली तर?

इथे आधी एकच प्रश्न विचारायचा: वायू आत आहे की बाहेर?

ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने ताथवड्यात गॅसच्या अवैध भरणीदरम्यान सिलिंडरचे स्फोट झाले, तर कासारवाडीच्या जलतरण तलावात क्लोरीनची गळती झाली. गळती आपल्याच इमारतीत असेल तर तत्काळ बाहेर पडावे. एलपीजीचा वास आल्यास दिव्याचे बटणही दाबू नये. एका ठिणगीने स्फोट होतो.

विषारी वायू बाहेरून येत असेल तर बाहेर धावण्यापेक्षा आत थांबणे सहसा सुरक्षित. दारे-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा, फटींत ओले टॉवेल कोंबा. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो खाली साचतो. त्यामुळे वरचा मजला बरा, तळघरातील पार्किंग सर्वांत वाईट.

प्रशासनाने निघायला सांगितले तर?

मग स्वतःचा अंदाज बाजूला ठेवायचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रशासनाचे निर्देश विनाकारण धुडकावल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी ११२, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा क्रमांक आहे. हे क्रमांक सोसायटीच्या ग्रुपवर बहुधा असतातच. मजुरांच्या खोल्यांपर्यंत ते ठेकेदाराने किंवा ग्रामपंचायतीने पोहोचवायला हवेत, कारण सर्वांत आधी निघावे लागते ते त्यांनाच.