आधी हिंमत, मग हिकमत

"मला काय जमणार बाई?" हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो, नाही का? बचत गटाची बैठक असो की शाळेतली मीटिंग, डोक्यात काहीतरी नवं असतं. पण ते ओठांवर यायच्या आत हे वाक्य आडवं येतं. मला वाटतं, आपल्याकडे कल्पनांचा तुटवडा नाहीच मुळी. तुटवडा आहे हिमतीचा.

आपल्याच नगर जिल्ह्यातलं जामखेड बघा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी या दुष्काळी भागात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या नर्स खेड्यात रमेनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या कित्येकजणी निरक्षर, कित्येक दलित. गावात कुणी विचारत नव्हतं अशा. त्यांना औषधपाणी शिकवलंच, पण 'मीही कुणीतरी आहे, मला जमेल' हेही मनात रुजवलं.

मग याच बायका घरोघरी जाऊन बाळंतपणं करू लागल्या. जुलाब लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, ते आयांना त्यांच्याच बोलीत समजावू लागल्या. १९७१ साली तिथे हजारातली सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा ३०च्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अमेरिकेतले अभ्यासक फ्रेड लुथान्स यांनी आत्मविश्वास, आशा, आशावाद आणि चिवटपणा या चौघांना मिळून 'मानसिक भांडवल' म्हटलंय. कामात नवं काही करून बघायला हेच भांडवल लागतं. कारण नवं म्हटलं की फसण्याची भीती आलीच. आणि आशा म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे, तर एक वाट बंद झाली की दुसरी शोधणं!

मुख्य म्हणजे हे भांडवल जन्मजात नसतं, ते वाढवता येतं. मात्र नुसतं "तू करशील गं" म्हणून भागत नाही. जामखेडला शिकवणी वरचेवर चालायची, अडलं तर डॉक्टर पाठीशी असायचे.

तेव्हा मैत्रिणींनो, गटातली एखादी बुजरी बाई दबकत काही सुचवेल, तेव्हा "तुला काय कळतंय?" असं म्हणू नका. "कसं करायचं, सांग बरं," एवढंच म्हणा, आणि लागेल तिथे हात द्या.