दसऱ्याचं बाळ आणि वीटभट्टीचा हंगाम

कर्जत-खालापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर गोल व्रण दिसतात. ‘लहानपणी देवी काढल्या होत्या’, असं ती सांगतात. देशातली पहिली देवीची लस 1802 मध्ये मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारत देवीमुक्त ठरायला 1977 साल उजाडलं. पुढे 1978 पासून बाळांच्या लसीकरणाचा कार्यक्रम आला, 1985 नंतर तो देशभर पसरत गेला, आणि लस ही तान्ह्या मुलांचीच गोष्ट आहे असा समज घट्ट झाला.

1995 ला सुरू झालेल्या पोलिओच्या मोहिमेनं एक मोठं काम केलं. बूथवर न आलेल्या मुलांना शोधत माणसं घरी, एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर गेली. 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त ठरला तो या पायपिटीमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

पण सुईच्या लशींचं गणित दोन थेंबांसारखं सोपं नाही. दसऱ्याला जन्मलेलं कातकरी बाळ घ्या. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची लस त्याला दवाखान्यातच मिळते. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. दिवाळी होते, वाडी रिकामी होते, आईबाप भट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला निघतात आणि हे तिन्ही डोस परमुलखात येतात. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला येते ती ऐन आषाढात. तेव्हा कुटुंब घरी असतं, पण ओढे भरलेले असतात. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. जुलै 2023 मध्ये दरड कोसळली, तेव्हा मदतीला निघालेलेही पायीच चढले. अशा वाटांनी नर्सबाई आणि आशाताई लशीचा डबा वाहतात. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. वाडीत एकच बाळ असलं तरी कुपी फोडावी, वाया गेलेल्या डोसांपेक्षा ते बाळ मोलाचं.

डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे सुरू करायचं. हे किती आयांना कुणी नीट सांगितलं असेल? ‘आता उशीर झाला’ म्हणून परत जाणारी आई मनाला फार लागते.

बाळपण सरलं तरी यादी संपत नाही. दीड-दोन वर्षांचा बूस्टर, पाच-सहा वर्षांचा दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. आश्रमशाळेतल्या मुलांना ती शाळेतच देता येते. शाळा सोडून भट्टीवर गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला मात्र बहुतेकदा गरोदरपणातच पहिल्यांदा विचारलं जातं.

आणि म्हातारी माणसं? देवी काढल्यानंतर त्यांच्यातले कित्येकजण लशीच्या रांगेत उभे राहिले ते थेट 2021 मध्ये, कोरोनाच्या वेळी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी त्यांच्यासाठी अजून राष्ट्रीय कार्यक्रमात नाहीत, विकत घ्याव्या लागतात. त्या मोफत मिळायला हव्यात.

यंदा दिवाळीनंतर गाठोडी बांधली जातील, तेव्हा रेशनकार्डाच्या पिशवीत बाळाचं लशीचं कार्डही जावं. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवलं की पुढचा डोस तिथेच घेता येतो.