मागे पडणाऱ्या रेडिओलहरी

वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघात एक पल्सार सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो. प्रत्येक गिरकीत त्याचा रेडिओझोत पृथ्वीवरून फिरून जातो. लहानमोठ्या वारंवारतांच्या लहरी तिथून एकत्रच निघतात. साधारण ६,५०० वर्षांनी त्या इथे पोचतात, तेव्हा मात्र १४०० मेगाहर्ट्‌झची लहर पुढे असते आणि ४०० मेगाहर्ट्‌झची जवळपास १.३५ सेकंद मागे. तेवढ्या वेळात पल्सारच्या आणखी चाळीसएक गिरक्या झालेल्या असतात!

हे अपस्करण. शाळेतल्या लोलकातून रंग फाकतात तेही यामुळेच.

निर्वात पोकळीत रेडिओलहर असो की क्ष-किरण, वेग एकच. वाटेत द्रव्य आले की लहरीचे विद्युतक्षेत्र त्यातल्या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते स्वतःच्या लहरी सोडतात, आणि मूळ लहरीत त्या मिसळल्या की वेग बदलतो. काचेतले इलेक्ट्रॉन अणूंना बांधलेले असतात. त्यांची नैसर्गिक कंपने अतिनील पट्ट्यात. जांभळा प्रकाश त्या पट्ट्याला जवळचा, म्हणून तो तांबड्याहून हळू जातो आणि जास्त वळतो. ताऱ्यांदरम्यानच्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन मोकळे, आणि तिथे सगळे उलटे: कमी वारंवारतेचा स्पंद रेंगाळतो. वारंवारता निम्मी केली, की उशीर चौपट.

हा प्लाझ्मा तरी किती विरळ! क्रॅबच्या वाटेवर लिटरमागे सरासरी तीसएक इलेक्ट्रॉन. पण वाट लांब असल्याने उशीर साचत जातो, आणि त्यावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात; त्यांची दाटी गृहीत धरली, की अंतरही. केंब्रिजला १९६७मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला, तेव्हा त्याच्या अंतराचा अंदाज असाच बांधला गेला.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने २००१मध्ये टिपलेला एक स्पंद २००७मध्ये जाहीर झाला. त्या दिशेचे आपल्या आकाशगंगेतले सगळे इलेक्ट्रॉन धरले, तरी त्याच्या उशिराचा हिशेब लागेना. म्हणजे तो दुसऱ्या कुठल्या तरी दीर्घिकेतून आला होता. पुढे पार्क्सलाच असे वारंवारतेनुसार मागेपुढे पोचणारे आणखी काही संकेत मिळाले. त्यांचा उगम २०१५मध्ये सापडला: वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन. तो चालू असतानाच कुणी दार उघडले, की अपस्करणाची नक्कल करणारा संकेत बाहेर पडे.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण, कमी वारंवारतांवरच काम करते. तिथे उशीर मोठा, म्हणून त्यातला बारीक फरकही नेमका मोजता येतो. अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या शोधात याचाच उपयोग झाला. त्या लहरींमुळे पल्सारच्या स्पंदांच्या वेळा मायक्रोसेकंदाहूनही कमी हलतात. पृथ्वी, पल्सार आणि मधला वायू सतत सरकत असल्याने वाटेतले इलेक्ट्रॉनही कमीजास्त होतात. तो फरक वजा केल्याशिवाय इतकी सूक्ष्म हालचाल दिसणेच शक्य नाही. युरोपीय आणि भारतीय गटांनी अशा लहरींचा पुरावा जून २०२३मध्ये मांडला, त्यात खोडदची मोजमापे होती.